सिंड्रेलाचे वडील घरीच होते

भाचीला झोपवताना सिंड्रेलाची गोष्ट सांगत होते. सावत्र आई चुलीच्या राखेत वाडगाभर मसूर ओतते आणि दोन तासांत निवडून दे म्हणते, तिथपर्यंत आलो होतो. निवडणं-टिपणं म्हणजे काय ते भाचीला ठाऊक आहे. सुट्टीत आजीशेजारी बसून तिने ताटातले खडे वेचलेत. डोळे मिटून ऐकता ऐकता मध्येच तिने विचारलं, “आत्या, तिचे बाबापण वारले होते का?”

“नाही गं, होते की.”

“मग?”

“कामावर जात असतील. उशिरा येत असतील घरी.”

तिला ते पटलं. कबुतरं आली, मसूर निवडून झाले, ती झोपली. मी मात्र जागी राहिले, कारण कामावर जाण्याचं ते वाक्य गोष्टीत कुठेही नाही. ते माझं होतं. कुणी न मागता, एका क्षणात, मी त्या माणसाची बाजू सावरून घेतली होती. आणि बायकांनी लिहिलेल्या नव्या परीकथा हौसेने विकत घेऊन वाटणारी आमच्या घरातली बाई मीच.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोष्टी काढून बसले. फ्रान्समधल्या शार्ल पेरोची सिंड्रेला १६९७ सालची. काचेची चप्पल, भोपळ्याची बग्गी ही सगळी तिच्यातली. तिच्यात बाप जिवंत आहे, त्याच घरात आहे. पोरगी माळ्यावर गवताच्या गादीवर झोपते आणि बापाला काही सांगत नाही, कारण सांगितलं तर तोच रागावेल; बायकोपुढे त्याचं काही चालत नाही. एवढ्या एका वाक्यात पेरो त्याला सोडून देतो. बायकोच्या मुठीतला नवरा म्हटलं की आपणही हसून पुढे जातो.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत तर तो चांगला वावरतो. जत्रेला जाताना तिन्ही मुलींना काय आणू म्हणून विचारतो. राजवाड्यातल्या नाचानंतर पहिल्या रात्री सिंड्रेला पळत येऊन घराच्या कबुतरखान्यात शिरते, आणि मागून आलेला राजपुत्र बापाला सांगतो की ती अनोळखी मुलगी आत उडी मारून गेली. बापाच्या मनात येतं, ही आपली सिंड्रेला तर नसेल? मनात हे आल्यावर तो करतो काय, तर कुऱ्हाड मागवतो आणि कबुतरखाना फोडायला घेतो. दुसऱ्या रात्री ती नासपतीच्या झाडावर चढते. पुन्हा तोच विचार, पुन्हा कुऱ्हाड, झाड आडवं. लेक दोन्ही वेळा मागच्या मागे निसटून चुलीपाशी राखेत जाऊन पडलेली असते, म्हणून वाचते. शेवटी राजपुत्र सपाता घेऊन दारात येतो आणि विचारतो, घरात आणखी मुलगी नाही का? १८५७ च्या, म्हणजे ग्रिमांच्या हयातीतल्या शेवटच्या मोठ्या आवृत्तीत याचं उत्तर बाप देतो. नाही, म्हणतो, माझ्या मेलेल्या बायकोची एक खुरटलेली पोर आहे राखेत बसणारी, पण ती काही नवरी असायची नाही.

लग्नाच्या दिवशी कबुतरं सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. बापाचं काय होतं? काहीच होत नाही. त्याच्यासाठी गोष्टीत पुढे एक ओळसुद्धा नाही.

परीकथा स्त्रीवादी दृष्टीने नव्याने सांगाव्यात की नाही, हा वाद निदान पन्नास वर्षांचा आहे. १९७० साली अ‍ॅलिसन लुरी या अमेरिकन लेखिकेने लिहिलं की लोककथांत हुशार, धीट बायका भरपूर आहेत, त्या मुलींना वाचू द्याव्यात. १९७२ साली मार्शिया लिबरमन यांनी उत्तर दिलं: असतील, पण मुलींपर्यंत पोचतात त्या मोजक्याच गोष्टी, आणि त्या मुलींना सुंदर दिसून वाट बघायला शिकवतात. हा वाद मुख्यतः नायिकेभोवती फिरला. ती निजलेली का, गप्प का, लग्नासाठी आसुसलेली का? त्यानंतर आलेल्या बऱ्याच नव्या गोष्टींनी तिलाच हाताशी धरलं. तिला तलवार दिली, घोड्यावर बसवलं, लग्नाला नाही म्हणायला शिकवलं. माझं म्हणणं असं की दुरुस्तीला चुकीचं माणूस घेतलं. मुलीत बिघाड नव्हताच. बिघाड घरात होता, आणि घर होतं तसंच राहिलं.

आता “जुन्या गोष्टींना हात लावू नका” म्हणणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी फार शाई खर्च करायची गरज नाही, कारण हात केव्हाच लागलाय आणि तो कुणाचा हे छापील आहे. ग्रिमांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचं काळीज आणायला शिकारी पाठवणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून देऊ असं नवऱ्याच्या गळी उतरवणारी बाईही आधी सख्खीच होती. तीही पुढच्या आवृत्त्यांत सावत्र केली गेली. रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते, माझे कपडे हल्ली घट्ट का होतायत? तिला दिवस गेलेले असतात. पुढे हा प्रश्न कापला. ग्रिमांचं पुस्तक सुरुवातीला अभ्यासकांच्या थाटाचं होतं. ते घराघरांत, मुलांच्या हाती जायला लागलं तशी विल्हेल्म ग्रिमने त्यावर वर्षानुवर्षं कात्री चालवली. आई पवित्र राहिली पाहिजे, तेव्हा दुष्टपणा सावत्र आईच्या नावावर चढवला. बापाच्या पात्राला मात्र अशा डागडुजीची गरज भासली नाही. हान्सेलचा बाप कुरकुरत का होईना, दोनदा पोरांना रानात नेऊन सोडतो. शेवटी पोरं चेटकिणीच्या घरातली मोती-माणकं खिशात भरून परत येतात, तेव्हा बायको मेलेली असते आणि बाप गळ्यात पडतो. शेवट गोड.

यावर एक विद्वान उत्तर तयार असतं. बालमानसाचे अभ्यासक ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये मांडलं की सावत्र आई मुलाच्या मनाच्या सोयीची असते. रागावणाऱ्या आईला ‘दुसरी बाई’ करून टाकलं की चांगली आई मनात शाबूत राहते. कल्पना सुबक आहे. पण ही विभागणी मुलाच्या मनाने केली की कास्सेल गावच्या संपादकाने, म्हणजे विल्हेल्म ग्रिमने, हे आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं.

त्याहून मोठी कात्री तर निवडीत चालली. १८९३ साली मॅरियन कॉक्स या इंग्रज संशोधक बाईंनी सिंड्रेलाच्या ३४५ कथारूपांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात या गोष्टीची मुख्य कुळं तीन. एकात सावत्र आई छळते. दुसऱ्यात मरणाऱ्या राणीला राजाने शब्द दिलेला असतो की तुझ्याइतकी सुंदर मिळाली तरच लग्न करीन. पुढे तशी त्याला एकच दिसते, स्वतःची लेक. ती मुदत मिळवण्यासाठी सूर्यासारखा, चंद्रासारखा, चांदण्यांसारखा असे तीन पोशाख मागते, राज्यातल्या प्रत्येक जनावराच्या कातड्याचा एकेक तुकडा जोडलेला झगा मागते. राजा सगळं पुरवतो. मग तोच झगा पांघरून, तोंडाला काजळी फासून ती रात्री पळून जाते आणि परक्या राजवाड्यात जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत राहून मुदपाकखान्यातली राख उपसते. तिसरं कुळ आपल्याकडेही सांगतात: राजा मुलींना विचारतो मी किती आवडतो, धाकटी म्हणते मिठाइतके, आणि राजा तिला हाकलून देतो.

तीन कुळं, त्यातल्या दोहोंत संकट बापाकडून येतं. आता मुलांच्या पुस्तकांचं कुठलंही दुकान गाठा आणि यातलं कोणतं कुळ मांडलंय ते बघा. सावत्र आईची गोष्ट मुलांना चालते. कातडं पांघरून बापापासून पळणाऱ्या मुलीची गोष्ट कपाटात राहते. सहा वर्षांच्या पोरीला ती सांगावी की नाही यावर मीही अडखळते, खोटं कशाला बोलू. पण ज्या मुलींना घरातल्याच माणसापासून पळावं लागतं त्यांच्यासाठीही एक गोष्ट होती, शेकडो वर्षं होती, एवढं तरी मोठ्यांना माहीत असावं.

जुन्या सांगणाऱ्यांना बाप दिसत होता याचा मला आवडणारा पुरावा नेपल्सचा. तिथल्या जांबातिस्ता बाझिले या लेखकाचा कथासंग्रह १६३४ ते १६३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यातल्या सिंड्रेलाचं नाव झेझोला. बाप सार्डिनियाला निघतो, सावत्र मुली यादी देतात, झेझोला एवढंच सांगते की परींच्या पारव्याला माझी आठवण द्या, माझ्यासाठी काही पाठव म्हणावं, आणि विसरलात तर तुमचं पाऊल ना पुढे पडो ना मागे. बाप सावत्र मुलींच्या जिनसा एकूण एक घेतो आणि लेकीचा निरोप विसरतो. परतीला जहाज बंदरातून हलेना! शेवटी त्याला कारण कळतं, तो जाऊन निरोप पोचवतो, मगच जहाज सुटतं. झेझोला काही गुणाची पुतळी नाही. आधीच्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण पाडून तिने तिला मारलेलं आहे. पण गोष्टीने चूक बापाच्या पदरात घातली आणि ती निस्तरेपर्यंत त्याचं जहाज रोखून धरलं. पेरोपर्यंत येता येता ते जहाज गायब झालं.

आणि बायकांनी परीकथा बदलणं हे तरी नवं कुठे आहे? ‘परीकथा’ हा शब्दच फ्रेंचमध्ये रूढ केला तो मादाम दोल्नुआ या बाईने, पेरोच्याच काळात. कोवळ्या वयात स्वतःहून तीस वर्षांनी मोठ्या माणसाशी तिचं लग्न लावून दिलेलं होतं. तिची सिंड्रेला राक्षसाला भट्टीत ढकलते, आणि राजपुत्राची मागणी आल्यावर आधी अट घालते: माझ्या आईबापांचं जिंकून घेतलेलं राज्य परत करा, लग्नाचं मग बोलू. सतराव्या शतकाच्या शेवटची ही मुलगी स्थावर मालमत्तेचा विषय काढते. आपल्या आजच्या तलवारवाल्या नायिका तो काढत नाहीत.

पडद्यावरच्या सिंड्रेलांनी बापाचा प्रश्न फार सोप्या युक्तीने सोडवला. त्याला सुरुवातीलाच मारून टाकलं. डिस्नेच्या १९५० च्या सिनेमात प्रस्तावनेतच तो जातो आणि त्यानंतर सावत्र आईचा खरा स्वभाव बाहेर येतो. २०१५ च्या सिनेमात तर तो इतका प्रेमळ आहे की लेकीने मागितलेली फांदी आठवणीने तोडतो, फक्त ती घेऊन घरी पोचतो दुसराच माणूस, मृत्यूच्या बातमीसह. ग्रिमांच्या गोष्टीत हीच फांदी जिवंत बाप स्वतः आणून देतो आणि नंतर कुऱ्हाड उचलतो. मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. त्याच्या तसबिरीला हार घालावा लागतो. मग घरात उरतात फक्त बायका, आणि जे काही घडतं ते बायकांनी बायकांशी केलेलं. “बाईच बाईची वैरीण” हे वाक्य आपण उगाच इतकं सहज बोलत नाही.

बापच खलनायक केल्याचं उदाहरण मला माहीत आहे. २०१४ च्या ‘मेलफिसंट’मध्ये निद्रिस्त राजकन्येचा बाप परीचे पंख कापतो, आणि राजकन्येला जागं करणारी खरी माया त्याच परीची ठरते. सिनेमा मला आवडला. तरी तिथला बाप राक्षस आहे, आणि राक्षस बाप सोपा असतो. सिंड्रेलाचा बाप तसा नाही. तो जत्रेहून आठवणीने फांदी आणतो. त्याला बहुतेक शेजारी चांगला माणूस म्हणत असावेत. तो फक्त बघत नाही, आणि बघायची वेळ आली की चुलीपाशी जाऊन लेकीचा चेहरा बघण्याआधी कुऱ्हाड हातात घेतो. हा माणूस लिहायला अवघड आहे. तो कुणी लिहिला असेल तर अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने. तिने आधी पेरोचं भाषांतर केलं आणि १९७९ मध्ये स्वतःच्या गोष्टी प्रसिद्ध केल्या. त्यातली ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या धर्तीवरची एक गोष्ट सुरू होते तीच मुलीच्या या सांगण्याने की बाप मला पत्त्यांच्या डावात त्या पशूकडे हरला. आपल्याला द्यूतसभा आठवल्याशिवाय राहत नाही. कार्टरची मुलगी पहिल्याच ओळीत हिशोब मांडते: कोण हरलं, काय लावून हरलं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेला धनुष्य दिलं नाही की रावणाशी लढायला पाठवलं नाही. त्यांनी तागडी काढली:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

तारा भवाळकरांनी या ओव्यांवर वर्षानुवर्षं लिहिलंय, ते मुळातून वाचावं. मला यात कौतुक वाटतं ते कशाचं, तर या ओवीत सीता जशी आहे तशीच राहते. वजन होतं ते रामाचं. नव्या परीकथा लिहिणाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या कार्यशाळांऐवजी एखादी सकाळ जात्याशी घालवली असती तर बरं झालं असतं (जाती आता मिळायची पंचाईत, हे कबूल).

उलट बाजूही आपल्याच घरात आहे. ध्रुवाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली. मांडीवर बसू पाहणाऱ्या पोराला सुरुची ओढून काढते, आणि आपण सुरुचीच्या नावाने बोटं मोडतो. मांडी उत्तानपादाची होती. राजा तिथेच बसलेला होता. अढळपद मिळवायला पाच वर्षांचं पोर रानात गेलं, कारण बापाला “बस रे बाळा” एवढे तीन शब्द जमले नाहीत.

आता त्या सावत्र आईकडे वळू, कारण ती वाईट होती हे मला नाकारायचं नाही. अलीकडे तिचंही एक गोजिरं पुनर्लेखन होतं: बिचारी दुखावलेली, समजून घ्या. नको. ती पोटच्या मुलीच्या हातात सुरी देऊन सांगते, अंगठा काप. राणी झालीस की पायी चालायचं कामच उरणार नाही. या वाक्याने अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण ते वाक्य येतं कुठून? बाळंतपणात बायका मरत, पुरुष पुन्हा लग्न करत, एका घरात दोघींची मुलं, आणि सगळ्यांचं पोट, हुंडा, लग्नं एका माणसाच्या मिळकतीवर. दोन मुली घेऊन आलेल्या बाईला तिसरी म्हणजे वाटेकरी. तिने ती वाटेकरी राखेत ढकलली. क्रूर आहे, पण वेडेपणा नाही. मिळकत ज्याची तो मात्र या भांडणात कुठेच नाही.

हक्कसोडपत्रावर सही होताना कधी बसलात? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी बहिणी सही करतात. टेबलाशी भाऊ कागद पुढे सरकवत असतो, वहिनी मागे चहाचं बघत असते. परत जाताना गाडीत बहीण म्हणते, “दादा तसा नाही हो, वहिनीनेच कान भरले.” वडील त्या वेळी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असतात. मी हे एकाहून अधिक घरांत पाहिलंय.

म्हणून मला तलवारवाल्या राजकन्येचा कंटाळा येतो. ती वाईट नाही, पण तिच्यामुळे प्रश्न पुन्हा मुलीवरच येतो: तू पुरेशी शूर होतीस का? मुलींवर अत्याचार झाला की शाळाशाळांत कराटेचे वर्ग निघतात, तसंच हे. कराटे यावंच. पण वर्गाची फी भरून आलेल्या बापाला कुणी विचारत नाही की तुमच्या घरात पोरीचं म्हणणं ऐकलं जातं का. सिंड्रेला तर बिचारी एरवीही कमी धीट नव्हती. तीनदा रात्री एकटी बाहेर पडली, कबुतरखान्यात शिरली, झाडावर चढली, राजपुत्राला हुलकावणी दिली आणि पहाटे कामाला हजर राहिली. आणखी किती शूर व्हायचं तिने?

मी आता गोष्ट ग्रिमांच्या वळणाने सांगते. जत्रा येते, फांदी येते, कुऱ्हाडही येते. परवा राजपुत्राने दारात उभं राहून विचारलं, घरात आणखी मुलगी आहे का, आणि मी बापाचं उत्तर जसंच्या तसं म्हटलं. भाऊ दारातून चार्जर न्यायला आला होता, तो थांबून म्हणाला, “असं कुठे आहे गोष्टीत?”

“आहे,” भाची म्हणाली. “बाबा, तुम्ही खाली बसा. पहिल्यापासून सांगते.”